उभ्या गाडीत वीज कोण खातं?

‘आठ महिन्यांत दुसरी बॅटरी घातली, तरी गाडी चार दिवस उभी राहिली की सेल मारत नाही. बॅटऱ्याच खराब येतात का?’ असं एका वाचकाने विचारलं आहे.

माझा संशय बॅटरीवर नाही. बंद गाडीलाही थोडी वीज लागतेच. घड्याळ, सेंट्रल लॉक, इंजिनाचा संगणक यांचं मिळून २० ते ५० मिलिअँपिअर. ४५ अँपिअर-तासांची बॅटरी एवढ्यावर महिना सहज काढते. पण अर्धा अँपिअर जात असेल, तर ९० तासांत सगळा खेळ आटोपतो. चार दिवसांचं कोडं इथे सुटतं. शिवाय अशी वारंवार पूर्ण उतरलेली बॅटरी शिशाच्या पट्ट्यांवर सल्फेट साचून खरोखरच निकामी होते, आणि दोष तिच्याच माथी येतो.

चोर शोधायला बरेच जण एकेक फ्यूज उपसून पाहतात. मला ते पटत नाही. लॉक केल्यावरही गाडीतले छोटे संगणक बराच वेळ जागे असतात; फ्यूज काढून परत बसवला की त्यांतले काही पुन्हा उठतात. अडकलेला रिले तेवढ्यात सुटला, तर पुरावाच गेला. त्यापेक्षा बोनेट उघडं ठेवून त्याचं लॅच स्क्रूड्रायव्हरने मिटवा, गाडी लॉक करा, किल्ली लांब ठेवा आणि तासभर थांबा. मग मल्टिमीटर मिलिव्होल्टवर लावून फ्यूजच्या डोक्यावरच्या दोन उघड्या ठिपक्यांना त्याची टोकं टेकवा. वीज वाहत नसेल तर शून्य. दहा अँपिअरच्या फ्यूजचा रोध जेमतेम सात-आठ मिलिओम. त्यावर ३ मिलिव्होल्ट दिसले, तर तिथून सुमारे ४०० मिलिअँपिअर जात आहेत!

मिलिव्होल्टला मिलिओमने भागायचा हा हिशेब ज्याने दिला, तो गेऑर्ग ओम कोलोनच्या शाळेत शिकवत असे. त्या काळच्या बॅटरीचा प्रवाह मोजता मोजताच बदलायचा. तेव्हा भौतिकशास्त्रज्ञ पोगेनडॉर्फच्या सूचनेवरून त्याने बिस्मथ आणि तांब्याचा सांधा घेतला, एक टोक उकळत्या पाण्यात, दुसरं बर्फात. प्रवाह स्थिर झाला आणि नियम हाती आला. १८२७ सालच्या त्याच्या पुस्तकाचं जर्मनीत थंड स्वागत झालं. लंडनच्या रॉयल सोसायटीने कोप्ली पदक दिलं ते १८४१ मध्ये. आधी सगळं स्थिरावू द्यायचं, मग मोजायचं, ही त्याची शिस्त मला त्याच्या सूत्राइतकीच मोलाची वाटते. बोनेटपाशी काढायचा तो तासही त्यासाठीच.

फ्यूज सापडला की त्यावर काय काय चालतं ते फ्यूजबॉक्सच्या झाकणावर पाहा. डिकीतल्या दिव्याचा संशय आला, तर मोबाइलवर व्हिडिओ सुरू करून डिकी मिनिटभर लावून घ्या; दिवा विझतो की नाही ते दिसेल. बाहेरून बसवलेला ट्रॅकर किंवा डॅशकॅमही तपासा, त्याची वायर कधीकधी थेट बॅटरीवर जोडलेली असते.

आणि सगळे फ्यूज शून्य दाखवत असतील, तर सकाळी गाडी सुरू करण्याआधी अल्टरनेटरवर हात ठेवा. रात्रभर उभ्या गाडीत तो कोमट लागला, तर त्याचा डायोड गळतो आहे.