फुकट वेगळे, मुक्त वेगळे

मराठी कोणाच्या मालकीची, असा प्रश्न कोणी विचारत नाही. जो बोलेल त्याची ती भाषा. संगणकाला आज्ञा देण्यासाठी बनवलेल्या भाषांचे मात्र तसे नसते. त्यांतल्या काही एखाद्या कंपनीत जन्मतात, आणि पुढे वाद उभा राहतो : कंपनीने ती भाषा आपल्या ताब्यात ठेवावी की सर्वांना खुली करावी? 'जावा' या भाषेवरून असाच वाद झाला.

जेम्स गोस्लिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घडवलेली जावा अमेरिकेतील सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीने १९९५ मध्ये बाहेर आणली. प्रोग्राम एकदा लिहा, तो कोणत्याही संगणकावर चालेल, हे तिचे आश्वासन होते. ती वापरायला पैसे पडत नव्हते. मग वाद कशाचा, असे तुम्ही म्हणाल. पण फुकट वेगळे आणि मुक्त वेगळे. जावा ज्या सॉफ्टवेअरवर चालते, त्याच्या मूळ मजकुरात, म्हणजे सोर्स कोडमध्ये, फेरफार करून तो इतरांना द्यायचा तर सनच्या अटी पाळाव्या लागत. २००४ मध्ये आयबीएमने सनला जाहीर पत्र लिहून जावा खुली करण्याचा आग्रह धरला.

सनला भीती होती भाषेची शकले होण्याची. ती निराधार नव्हती. मायक्रोसॉफ्टने जावात केवळ विंडोजपुरते बदल केले, म्हणून सनने १९९७ मध्ये खटला भरला होता. २००१ मध्ये दोन कोटी डॉलर देऊन मायक्रोसॉफ्टने तो मिटवला. वऱ्हाडी माणसाचा एखादा शब्द कोल्हापूरकराला अडला, तरी तो संदर्भाने अर्थ लावतो. संगणकाला असा अंदाज बांधता येत नाही. शब्दाचा अर्थ बदलला की काम थांबते.

अखेर नोव्हेंबर २००६ मध्ये सनने जावा खुली करण्याची घोषणा केली, आणि मे २००७ पर्यंत बहुतेक कोड खुला झाला. फेरफार करून तो वाटणाऱ्याने आपला कोडही त्याच अटींवर खुला ठेवायचा, असे ठरले. 'जावा' हे नाव आणि सुसंगतीची परीक्षा मात्र सनने आपल्याकडे राखली. बदल कोणीही करावा, पण ते नाव लावायचे तर परीक्षेत उतरावे. एकवाक्यता टिकवायला मजकूर कुलूपबंद ठेवण्याची गरज उरली नाही.

या निर्णयाचे मोल पुढे कळले. २०१० मध्ये ओरॅकलने सन विकत घेतली. २०१९ पासून ओरॅकलने आपल्या जावा ८ आवृत्तीतील नव्या दुरुस्त्या व्यावसायिक वापरासाठी सशुल्क केल्या. ज्यांना ते परवडत नव्हते, त्यांच्यासाठी खुल्या जावाची वाट मोकळी होती. आपल्याकडच्याही कितीतरी मुलामुलींची रोजीरोटी या भाषेवर चालते. कंपनी विकली जाते, धोरणे बदलतात. पण एकदा मुक्त केलेला मजकूर नव्या मालकालाही परत मागता येत नाही.