लिहिलेलं वाचणार कोण?

परदेशी विद्यापीठात किंवा रुग्णालयात जाण्यासाठी आयल्ट्स ही इंग्रजीची परीक्षा देणाऱ्या मुलामुलींना लेखन शिकवायला लागून मला आता दोन दशकं होऊन गेली. अप्पा बळवंत चौकातल्या पुस्तकांपासून मोबाइलवरच्या कोर्सपर्यंत अभ्यासाची साधनं बदलत गेली, ती मी जवळून पाहिली. ऐकणं, वाचणं, बोलणं यांत मुलं भराभर सुधारतात. गाडी अडते ती लेखनात.

परीक्षा १९८९ची. सुरुवातीला अभ्यासशाखेनुसार वेगळे पेपर असत, १९९५ मध्ये ते बंद झाले आणि इंजिनिअर, नर्स, अर्थशास्त्राचा विद्यार्थी अशा सगळ्यांना एकाच धर्तीचा अकॅडेमिक पेपर आला. लेखनाला एक तास. टास्क वनमध्ये आलेख, नकाशा किंवा एखादी प्रक्रिया बघून किमान १५० शब्द, टास्क टूमध्ये निबंध, किमान २५० शब्द, आणि गुणांत त्याचं वजन दुप्पट. पुढे ऑनलाइन स्वयंअध्ययन एवढं फोफावलं, त्याचं बीज मला १९९५च्या त्या बदलात दिसतं. सगळ्यांचा पेपर सारखा, म्हणून एकच धडा हजारोंना चालला.

पुस्तकांच्या काळात एक गोष्ट मात्र सारखी खटकायची. केंब्रिजच्या सराव-संचात वाचन आणि श्रवणाची उत्तरं शेवटी दिलेली असत. मुलगा घरी बसून स्वतःच स्वतःला तपासू शकत होता. लेखनासाठी मात्र नमुना-उत्तरं, फार तर परीक्षकाचा शेरा. नमुना कितीही चांगला असला तरी आपला निबंध त्याच्यापुढे कुठे कमी पडतो, हे ज्याचं इंग्रजी अजून घडतंय त्याला कसं दिसणार? मग मुलं नमुनेच पाठ करायची. सायबर कॅफेतून प्रिंट काढून आणलेले निबंधही तसेच पाठ व्हायचे.

२०१५ मध्ये ब्रिटिश कौन्सिलने फ्यूचरलर्नवर आयल्ट्सचा मोफत कोर्स आणला आणि जगभरातून काही लाख लोकांनी त्यात नाव घातलं. क्वीन्सलँड विद्यापीठाचाही कोर्स एडएक्सवर आला. पुढच्याच वर्षी जिओ आलं आणि तालुक्याच्या गावातली मुलगीही रात्री अंथरुणात पडून व्हिडिओ बघू लागली. वर्गात याचा फायदा लगेच दिसला. आलेखातला प्रत्येक आकडा लिहीत बसायचं नाही, आधी ठळक कल सांगायचा, हे मला फळ्यावर पुन्हा पुन्हा सांगावं लागत होतं. आता मुलं ते घरून शिकून येऊ लागली. गुण कोणत्या चार निकषांवर मिळतात, हेही त्यांना तोंडपाठ असे. मी शिकवणं कमी केलं आणि वर्गाचा वेळ लिहिण्याला दिला. हा निर्णय मला आजही योग्य वाटतो.

पण शब्दांचं वेडही त्याच वाटेने आलं. न्यूझीलंडच्या अ‍ॅव्हरिल कॉक्सहेड यांची शैक्षणिक शब्दांची यादी २०००ची, ५७० शब्दकुलांची. मँचेस्टर विद्यापीठाच्या जॉन मॉर्ली यांनी शोधनिबंधांतल्या वाक्यांशांचा कोश केला. दोन्ही कामं मोलाची आहेत, मी वापरते. व्हिडिओंतून मात्र त्यांचे ‘बँड नाइनचे’, म्हणजे सर्वोच्च गुणांचे, शब्द झाले.

मिरजेची एक नर्स आठवते. ब्रिटनला जायचं होतं आणि लेखनात सहाच्या पुढे सरकत नव्हती. विषय होता, सरकारने रस्त्यांऐवजी सार्वजनिक वाहतुकीवर खर्च करावा का. तिने सुरुवात केली ती ‘इन टुडेज फास्ट-पेस्ड वर्ल्ड’ने, मग ‘प्लेथोरा’, मग ‘मल्टिफॅसेटेड’. व्याकरण बऱ्यापैकी होतं, पण परिच्छेदात सांगितलेलं काहीच नव्हतं. शाळेत सुविचाराने निबंध सुरू करायची सवय आपल्याला लागलेली असते, ती इथे इंग्रजी पोशाखात आली होती. मी मराठीत विचारलं, तुम्ही रात्रपाळीला जाता कशा? ती म्हणाली, “शेवटची एसटी लवकर सुटते मॅडम, मग आम्ही चौघी मिळून रिक्षा करतो. एकीची पाळी बदलली की बाकीच्यांचं भाडं वाढतं.” म्हटलं, हेच लिहा. रात्रीची बस नसेल तर रुग्णालयाच्या कर्मचाऱ्यांच्या पगाराचा किती भाग रस्त्यातच जातो, यावर तिने पाच साधी वाक्यं लिहिली. माझ्या मते तिने तोवर लिहिलेल्यांतली ती सर्वांत अकॅडेमिक वाक्यं होती. दावा, कारण, उदाहरण, सगळं जागेवर.

डिसेंबर २०१८ मध्ये ब्रिटनच्या नर्सिंग कौन्सिलने लेखनाची अट सातवरून साडेसहावर आणली आणि अडकलेल्या बऱ्याच जणी सुटल्या, मिरजेची ती नर्सही. त्यात तिचं लेखन किती आणि नियमाचा हात किती, हे मला वेगळं काढता येत नाही.

तपासणारी यंत्रंही या काळात आली. केंब्रिजचं ‘राइट अँड इम्प्रूव्ह’ मी मुलांना आग्रहाने वापरायला लावते. ‘अ’ आणि ‘द’ची चूक, कर्ता-क्रियापदाचा मेळ, यांवर ते थकत नाही, मी थकते. पण रात्रपाळीच्या रिक्षेचा प्रश्न ते विचारत नाही.

टाळेबंदीत वर्ग गुगल डॉक्सवर गेला आणि पहिल्यांदाच मला निबंध लिहिला जाताना दिसला. पहिलं वाक्य चारदा खोडलं जातंय, दुसऱ्या परिच्छेदाशी कर्सर थांबून राहिलाय. चूक वाक्यात नसून त्या थांबण्यात आहे, हे तिथे उमगायचं, कारण पुढे काय म्हणायचंय हेच ठरलेलं नसायचं. तेव्हापासून आम्ही आराखड्याला आधी पाच मिनिटं देतो, वेळ कितीही कमी असो.

२०२२च्या अखेरीस चॅटजीपीटी आलं आणि घरून निर्दोष निबंध येऊ लागले. परीक्षेच्या खोलीत त्यांचा उपयोग शून्य. म्हणून घरचं लेखन मी आता गुणांसाठी बघतच नाही. यंत्राला निबंध मागू नका, स्वतः लिहिलेल्या निबंधावर तीन अवघड प्रश्न विचारायला सांगा, एवढी एकच सूट मी दिली आहे. संगणकावर परीक्षा देणाऱ्यांना शब्दसंख्या पडद्यावर दिसते, म्हणून ते टाइप करून सराव करतात. बाकीचे हाताने, घड्याळ लावून.

एकच निबंध तीनदा लिहायचा, हा आमचा सध्याचा शिरस्ता. पहिला खर्डा मी वाचते, दुसरा शेजारचा वाचतो, तिसरा लिहिणाऱ्याने मोठ्याने वाचायचा. यात दोन आठवडे जातात आणि तेवढे दिवस नवा व्हिडिओ बघायचा नाही, असं मी पहिल्याच दिवशी सांगते.