जलपर्णीतली मरळ आणि गळाचे साहित्य

शिरूर आणि दौंड तालुक्यांची सीमा बऱ्याच अंतरापर्यंत भीमा नदीच आखते, आणि या पट्ट्यात गळाने मासे धरणाऱ्याची खरी अडचण मासा शोधण्याची नसून, तो जिथे दडलेला असतो तिथपर्यंत आमिष पोहोचवण्याची आणि तिथून त्याला बाहेर काढण्याची असते. पुणे शहरातून आलेली मुळा-मुठा रांजणगाव सांडसच्या परिसरात भीमेला मिळते, तर शिरूर शहराजवळून वाहणारी घोड नदी चिंचणीच्या धरणात अडून पुढे दौंडच्या वरच्या अंगाला भीमेत येते. शहराच्या सांडपाण्यातून आलेली नत्र व स्फुरदयुक्त द्रव्ये, उसाच्या शेतांतून झिरपणारी खते आणि कोल्हापुरी बंधाऱ्यांमागे थांबलेले पाणी या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या की जलपर्णी माजते. पावसाळा संपल्यावर बंधाऱ्यांना ढापे बसवले, म्हणजे खांबांमधल्या खाचांत फळ्या सरकवून पाणी अडवले, की नदीचे रूपांतर लांबट तळ्यांच्या मालिकेत होते आणि उन्हाळ्यापर्यंत त्यांतील अनेक तळी काठापासून काठापर्यंत हिरवी होतात. दक्षिण अमेरिकेतून आलेली ही वनस्पती अनुकूल हवामानात साधारण दोन आठवड्यांत आपला पसारा दुप्पट करू शकते. तिच्या खाली मुळांचे दाट जाळे असते आणि काठाला पानकणीस व लव्हाळे असतात, त्यामुळे साधा गळ टाकला तर तो माशाऐवजी पाल्यातच अडकतो.

अशा पाण्याचा खरा मानकरी मासा म्हणजे मरळ. शास्त्रीय वर्गीकरणात 'चन्ना स्ट्रायटा' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या माशाचे वर्णन मार्कुस ब्लॉख या जर्मन शास्त्रज्ञाने १७९३ मध्ये केले. सापासारखे चपटे डोके, दंडगोल अंग आणि दातांनी भरलेला रुंद जबडा ही तिची ओळख होय. तिच्या कल्ल्यांच्या वरच्या बाजूला हवेतील प्राणवायू शोषून घेणारी एक पोकळी असते, आणि मरळ या पोकळीवर इतकी अवलंबून असते की तिला पृष्ठभागावर येऊ दिले नाही तर ती पाण्यातच गुदमरून मरते. जलपर्णीच्या दाट थराखाली प्रकाश पोहोचत नाही, पाण्यातील विरघळलेला प्राणवायू घटतो आणि रोहू-कटल्यासारखे मासे तेथून काढता पाय घेतात. मरळ मात्र तेथेच राहते, कारण तिला लागणारी हवा वर मिळते, आडोसा वरच असतो आणि बेडूक, चिलापीची पिल्ले, किडे हे तिचे भक्ष्यही त्याच पाल्यात वावरते. गळ टाकणाऱ्याच्या दृष्टीने या शरीररचनेतून एक अत्यंत उपयोगी गोष्ट निष्पन्न होते: मरळीला काही वेळाने वर यावेच लागते. पाल्यातील एखाद्या वितीएवढ्या मोकळ्या जागेत 'बुळुक' असा आवाज होऊन पाणी हलले, तर तेथे बहुधा मरळ आहे असे समजावे आणि आमिष त्या जागेच्या थोडे पलीकडे टाकून तिच्यावरून ओढत आणावे.

अमेरिकेत बास या माशासाठी जे साहित्य विकसित झाले त्याचा येथे संबंध येतो तो पाल्यातल्या याच आडोशामुळे. मोठ्या तोंडाचा बास हा उत्तर अमेरिकेतील गोड्या पाण्याचा मासाही पाणवनस्पतींच्या आडोशाने दबा धरतो, आणि त्याला धरण्यासाठी तेथील गळकऱ्यांनी पाल्यावरून न अडकता सरकणारी रबरी बेडकी घडवली. जपानमध्ये हा बास १९२५ मध्ये आशी सरोवरात सोडण्यात आला. त्याच सुमारास कोरियाकडून मरळीचा एक भाऊबंदही तेथे पोहोचला होता, आणि कमळांनी भरलेल्या तळ्यांत त्याला धरताना जपानी गळकऱ्यांनी बासचे साहित्य अधिक जाड व अधिक बळकट करून घेतले. भीमाकाठच्या गळकऱ्याला या दोन परंपरांपैकी दुसरी अधिक जवळची आहे. बास तोंड उघडून पाण्यासकट भक्ष्य आत शोषतो, मरळ झडप घालून चावते. बासचे तोंड मऊ व मोठे असते, मरळीचा जबडा हाडाचा आणि दातेरी असतो. म्हणून बाससाठी पुरेसा असणारा बारीक तारेचा गळ मरळीच्या तोंडात अनेकदा सरळ होतो.

पूर्वापार गावोगावी मरळीसाठी बांबूच्या लांब काठीला दोर बांधून जिवंत बेडकी लावण्याची पद्धत आहे, आणि ती परिणामकारक आहे यात शंका नाही. परंतु शेतातील किडींवर जगणारा मोठा बैलबेडूक वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ खाली संरक्षित आहे, आणि जिवंत प्राणी गळाला टोचून तासन्‌तास पाण्यावर नाचवणे हे निष्ठुरही आहे. शिवाय टोचलेली बेडकी पाल्यात शिरून बसते ती बसतेच. रबरी बेडकीने या तिन्ही अडचणी दूर होतात, त्यामुळे तिची निवड नीट समजून घेणे योग्य ठरते.

या बेडकीचे अंग पोकळ व मऊ असते आणि तिच्या पोटाखालून येणाऱ्या जोडगळाची दोन्ही टोके पाठीला चिकटून वर वळलेली असतात. पाल्यावरून ओढताना टोके अंगाच्या आडोशाला राहिल्यामुळे काही अडकत नाही; मासा चावला की पोकळ अंग दबते आणि टोके उघडी पडतात. सगळी युक्ती या दबण्यात आहे, आणि म्हणून दुकानात रंगाआधी हेच तपासावे. बेडकी तर्जनी आणि अंगठा यांच्यामध्ये धरून हलकेच दाबली असता दोन्ही टोके सहज बाहेर यायला हवीत आणि सोडताच अंगाने पूर्ववत फुगायला हवे. रबर इतके कडक असेल की बोटांना जोर लावावा लागतो, तर तिच्यावर मासा झडप घालील पण टोचला जाणार नाही. उलट टोके अंगापासून सुटलेली दिसत असतील तर जलपर्णीचे प्रत्येक पान ओढून आणावे लागेल. जोडगळाची तार जाड असावी आणि टोक नखावर टेकवले असता न घसरता रुतावे. साधारण पाच-सहा सेंटिमीटर लांबीची व दहा ते पंधरा ग्रॅम वजनाची बेडकी बहुतेक ठिकाणी पुरते. पाला फार दाट असेल तर थोडी जड घ्यावी, कारण तिच्या वजनाने पाने किंचित खाली दबतात आणि खालच्या मरळीला हालचाल जाणवते. टाकताना आत पाणी शिरते, म्हणून दर काही फेकींनंतर ती पिळून घ्यावी लागते. रंगाचा ऊहापोह गळकऱ्यांमध्ये फार चालतो, परंतु भीमेच्या गढूळ पाण्यात खालून पाहणाऱ्या माशाला आकाशाच्या उजेडावर आकृतीच काय ती दिसते, त्यामुळे काळी किंवा गर्द तपकिरी बेडकी हीच प्रथम घ्यावी आणि रंगांची हौस नंतर करावी.

बेडकी पाल्याच्या कडेला, मोकळ्या पाण्याच्या अरुंद पट्ट्यांत आणि छिद्रांत सर्वाधिक कामाची असते. वारा ज्या दिशेला वाहतो त्या काठाला जलपर्णीचा तराफा घट्ट दाटतो आणि समोरच्या काठाला पाणी उघडे पडते, म्हणून सकाळी काठावर पोहोचताच प्रथम वाऱ्याचा अंदाज घेऊन जागा ठरवावी. बेडकी दोन-तीन वेळा टप्प्याटप्प्याने हलवून छिद्रात क्षणभर थांबवावी. मरळ बहुतेकदा त्या थांब्यावरच झडपते. झडप दिसताच हिसका देणे ही नवख्यांची नैसर्गिक प्रतिक्रिया असली तरी ती चुकीची आहे, कारण अशा वेळी बेडकी माशाच्या तोंडातून निसटते. काठीचे टोक खाली ठेवून दोऱ्यावर माशाचे वजन जाणवेपर्यंत थांबावे आणि मगच जोराने वर ओढावे. मरळीची झडप चुकली तर ती थोड्याच वेळात पुन्हा घालते, त्यामुळे तीच जागा पुन्हा तपासणे फायद्याचे ठरते.

जेथे पाला तुटक आहे आणि त्याच्या कडेने दीड-दोन मीटर पाणी आहे, अशा ठिकाणी मऊ प्लास्टिकच्या किड्यात गळाचे टोक दडवून पुढे बंदुकीच्या गोळीसारखे शिसे ओवण्याची पद्धत उपयोगी पडते, तर मोकळ्या पाण्यात गळापुढे तारेचे कुंपण असलेले चमच्याच्या आकाराचे किंवा फिरत्या पात्याचे आमिष चालते. तीन टोकांचा गळ मात्र या पाण्यात आणूच नये.

काठी, रीळ आणि दोरा यांची निवड करताना माशाच्या वजनापेक्षा पाल्याच्या वजनाचा विचार करावा लागतो, कारण दोन किलोची मरळ पाल्यात शिरली की तिच्यासोबत पाच-सहा किलो ओली जलपर्णीही ओढावी लागते. साडेसहा ते सात फुटांची, टोकाला किंचित लवणारी पण मधल्या भागात ताठ राहणारी काठी, रिळाचा आवरणारा ब्रेक जवळजवळ पूर्ण घट्ट, आणि विणलेला दोरा, असे हे साहित्य असते. एकेरी नायलॉन दोरा ताणला असता लांबतो. विणलेला दोरा जवळजवळ ताणला जात नाही, म्हणून हिसका गळापर्यंत पोहोचतो, आणि ताठ राहिल्याने तो जलपर्णीचे मऊ देठ कापत जातो. ३० ते ५० पौंड, म्हणजे साधारण १४ ते २३ किलो ताणाचा दोरा योग्य ठरतो. नवशिक्याने ५० पौंडांकडेच झुकावे. मरळीच्या दातांनी बारीक दोरा झिजतो, त्यामुळे शेवटच्या दोन हातांचा भाग प्रत्येक फेकीनंतर बोटांमधून सरकवून पाहावा आणि खरखर लागली की तेवढा भाग कापून गाठ नव्याने मारावी.

हे जाड साहित्य केवळ विजयाच्या हौसेसाठी नाही. पाल्यात अडकून दोरा तुटला तर तोंडात गळ घेतलेली मरळ त्याच जाळ्यात बांधली जाते, वर येऊन हवा घेऊ शकत नाही आणि जिवास मुकते. तुटका विणलेला दोरा न कुजता राहतो आणि पाणपक्ष्यांच्या पायांत गुंततो. उजनीच्या फुगवट्याचे पाणी दौंड तालुक्याच्या पूर्व भागापर्यंत पोहोचते आणि हिवाळ्यात रोहितांसह अनेक पक्षी त्यावर उतरतात, त्यामुळे कापलेला प्रत्येक तुकडा खिशात घालून परत नेणे हा गळकऱ्याच्या कामाचाच भाग ठरतो.

साहित्य कितीही योग्य असले तरी एका काळात ते वापरू नये, आणि या मुद्द्यावर कोणतीही सवलत देता येत नाही. मरळीची वीण मुख्यतः पावसाळ्यात होते; नर-मादी पाण्यातील गवत दूर सारून जागा करतात, अंडी पाण्यावर तरंगतात आणि दोघेही पिल्लांची राखण करतात. लालसर-नारिंगी पिल्लांचा थवा पृष्ठभागाशी खदखदताना दिसला की त्याखाली आईबाप असतातच, आणि ते थव्याजवळ आलेल्या कोणत्याही वस्तूवर भुकेने नव्हे तर राखणीसाठी झडप घालतात. अशी मरळ धरणे फार सोपे असते, म्हणूनच ते टाळावे: तिला उचलले की पिल्ले चिलापी आणि बगळ्यांच्या तोंडी जातात आणि एका माशाबरोबर शेकडोंचा निकाल लागतो.

पाणी सार्वजनिक दिसत असले तरी अनेक तलाव व जलाशयांतील मासेमारीचा ठेका स्थानिक मच्छीमार सहकारी संस्थांकडे असतो, तेव्हा गळ टाकण्यापूर्वी संबंधित संस्थेची परवानगी घेणे आवश्यक आहे. धरलेली मासळी सोडायची असेल तर हात ओले करून ती धरावी, लांब चिमट्याने गळ काढावा आणि पाल्याच्या कडेला, जिथे तिला वर येण्यास जागा आहे अशा ठिकाणी सोडावी. मरळ हवेतही तग धरते म्हणून तिला तापलेल्या दगडावर ठेवून छायाचित्रे काढत बसणे योग्य नव्हे, कारण तिची कातडी ओली राहिली तरच तो तग टिकतो.