डीजे मिक्सच्या ध्वनिमुद्रणातील क्षीण बास

डीजे मिक्सरमधून संगणकात घेतलेल्या ध्वनिमुद्रणात सुमारे २० ते २५० हर्ट्झ या पट्ट्यातील खालचे स्वर मूळ कार्यक्रमाच्या मानाने दुबळे ऐकू येणे, या दोषाला सामान्यतः 'बास न येणे' असे म्हणतात. ढोल, बास ड्रम व इलेक्ट्रॉनिक ठेका यांचा मुख्य भार याच पट्ट्यात असल्यामुळे हा दोष असलेले मुद्रण पोकळ वाटते. दोषाचे मूळ बहुधा संगणकाच्या आज्ञावलीत नसून मिक्सर व संगणक यांमधल्या जोडणीत असते.

महाराष्ट्रात 'डीजे' हा शब्द संगीत वाजवणाऱ्या व्यक्तीपेक्षा ध्वनिक्षेपकांच्या संपूर्ण भिंतीसाठीच अधिक वापरला जातो. प्रस्तुत लेखात तो गाण्यांचे सलग मिश्रण करणाऱ्या वादकासाठी वापरला आहे.

स्थानिक संदर्भ

पुणे जिल्ह्याच्या मावळ तालुक्यात लोणावळ्याचे बंगले, पवना धरणाच्या काठची तंबू-निवासस्थाने आणि लग्नसमारंभ यांमुळे भाड्याच्या ध्वनियंत्रणेला सतत मागणी असते. कार्ल्याच्या डोंगरावरील एकवीरा देवीच्या चैत्री यात्रेस आगरी-कोळी समाजाचे भाविक मोठ्या संख्येने येतात, आणि देवीच्या गाण्यांची व कोळीगीतांची डीजे मिश्रणे या समाजात लोकप्रिय आहेत. असे वादन एकदाच होते. मुद्रण बिघडल्याचे दुसऱ्या दिवशी लक्षात आले, तर ते पुन्हा घेता येत नाही.

ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २००० अन्वये उघड्यावरील ध्वनिक्षेपक रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत बंद ठेवावे लागतात. त्यामुळे मुद्रणाची तपासणी पुष्कळदा रात्री उशिरा, लॅपटॉपच्या अंगच्या लहान स्पीकरवर, हळू आवाजात होते. लॅपटॉपचे स्पीकर खालचे स्वर जवळजवळ वाजवतच नाहीत. शिवाय आवाज हळू असताना माणसाच्या कानाला खालचे स्वर प्रमाणाबाहेर क्षीण भासतात, हे फ्लेचर व मन्सन यांनी १९३३ मध्ये प्रयोगाने दाखवले. म्हणून प्रथम त्याच स्पीकरवर, तितक्याच आवाजात, मूळ गाणे आणि मुद्रण आलटून पालटून ऐकावे. दोन्ही सारखीच वाटली तर मुद्रणात दोष नाही.

कानापेक्षा आलेखावर विश्वास ठेवणे बरे. ऑडॅसिटी या मोफत आज्ञावलीत वारंवारतांचा आलेख काढता येतो. मात्र त्यातील नमुन्यांची खिडकी मोठी निवडावी. ४४,१०० हर्ट्झच्या मुद्रणात २०४८ नमुन्यांच्या खिडकीने सुमारे २१ हर्ट्झचा एकेक टप्पा दिसतो, तर ८१९२ नमुन्यांनी तो सुमारे ५ हर्ट्झवर येतो. बासच्या तपासणीला पहिला टप्पा फारच ढोबळ आहे.

जोडणीतील कारणे

सर्वांत फसवे कारण तुटलेल्या सामाईक तारेचे आहे. स्टिरिओ पिनमध्ये डावी व उजवी वाहिनी यांना मिळून एक परतीची तार असते. पिन खाचेत पूर्ण बसली नाही, किंवा तिचा संपर्क गंजला, तर ही परतीची वाट तुटते आणि दोन वाहिन्यांमधला फरक तेवढा पुढे जातो. बास आणि मुख्य गायन ध्वनिमुद्रिकेत बहुधा मध्यभागी, म्हणजे दोन्ही वाहिन्यांत सारखेच ठेवलेले असतात. वजाबाकीत ते नेमके नाहीसे होतात. राहतो तो कोरस, प्रतिध्वनी आणि झांजेचा आवाज. गायक दूर विहिरीतून गात आहे असे वाटले, तर आधी पिन पाहावी. लोणावळ्यात वर्षाला सुमारे ४००० मिलिमीटर पाऊस पडतो. पावसाळाभर पेटीत पडून राहिलेल्या पिनांवर काळपट थर चढण्यास एवढी दमट हवा पुरेशी असते.

दुसरे कारण उलट्या ध्रुवतेचे. व्यावसायिक मिक्सरच्या बॅलन्स्ड आउटपुटमध्ये एकच संकेत दोन तारांवरून परस्परविरुद्ध दिशांनी वाहतो. अशी तार साध्या रूपांतरकाने संगणकाच्या स्टिरिओ इनपुटला जोडली, की डावीकडे सुलटा व उजवीकडे उलटा संकेत मुद्रित होतो. स्पीकरवर बास विरतो, आणि दोन्ही वाहिन्या एकत्र करून मोनो केल्यास जवळजवळ सगळेच गायब होते. परीक्षा हीच: मोनो करून पाहावे. हा दोष मात्र पूर्ण दुरुस्त होतो. आज्ञावलीत एक वाहिनी उलटी केली की झाले.

लॅपटॉपची मायक्रोफोनची खाच मिक्सरसाठी नसते. तिच्या वाटेवरील कपॅसिटर आणि इनपुटचा रोध मिळून खालच्या वारंवारता अडवणारी चाळणी तयार होते. कपॅसिटर १ मायक्रोफॅरडचा व रोध २००० ओहमचा धरल्यास सुमारे ८० हर्ट्झच्या खाली संकेत झपाट्याने उतरू लागतो. तोच रोध १०,००० ओहम असल्यास ही मर्यादा १६ हर्ट्झवर जाते. यावर यूएसबीने जोडला जाणारा, लाइन इनपुट असलेला ध्वनिसंच हाच खरा उपाय होय. खाच बदलूनही फरक न पडल्यास संगणकातील गोंगाट कमी करणाऱ्या व प्रतिध्वनी काढणाऱ्या सुविधा बंद कराव्यात. त्या बोलण्यासाठी बनवलेल्या असून ठेक्याला गोंगाट समजतात.

शेतघर किंवा तलावाकाठी जनित्रावर यंत्रणा चालवताना गुणगुण येते, म्हणून मधे लहानसा आयसोलेटर लावण्याची पद्धत आहे. त्यात रोहित्र असते. स्वस्त रोहित्राचा गाभा लहान असल्याने मोठ्या आवाजाच्या खालच्या स्वरांना तो संपृक्त होतो; गुणगुण जाते आणि तिच्याबरोबर बासही जातो. प्लगची अर्थिंगची पिन काढून टाकणे हा त्याला पर्याय नव्हे. ते जिवावर बेतू शकते. मोठ्या गाभ्याचा आयसोलेटर वापरावा, किंवा मुद्रणापुरता लॅपटॉप बॅटरीवर चालवून पाहावा.

संकेत कोठून घेतला

भाड्याच्या यंत्रणेत क्रॉसओव्हर हे उपकरण खालचे स्वर सबवूफरकडे व वरचे स्वर उभ्या पेट्यांकडे पाठवते. ही विभागणी साधारण ८० ते १२० हर्ट्झवर केलेली असते. उभ्या पेट्यांकडे जाणाऱ्या तारेतून मुद्रण घेतल्यास त्यात बास असणारच नाही. संकेत नेहमी मिक्सरच्या रेकॉर्ड आउटपुटमधून घ्यावा. मुख्य आवाजाचे बटण फिरवल्याने सहसा त्यावर परिणाम होत नाही, हा आणखी एक लाभ.

तबकडी वाजवणाऱ्यांची अडचण वेगळी आहे. १९५४ पासून रूढ झालेल्या आरआयएए मानकानुसार तबकडी कापताना खालचे स्वर मुद्दाम दाबतात. ५० हर्ट्झला ते १००० हर्ट्झच्या तुलनेत सुमारे १७ डेसिबलनी कमी असतात. फोनो प्रवर्धक ते पूर्ववत करतो. तबकडीयंत्र थेट लाइन इनपुटला जोडल्यास आवाज बारीक आणि पातळ येतो.

पातळीकडेही लक्ष द्यावे. शिखरे मापकावर उणे ६ डेसिबलच्या आसपास ठेवल्यास पुरेशी जागा राहते. पातळी चढी असेल तर सर्वांत मोठ्या लाटा, म्हणजे बासच्याच, छाटल्या जातात. एमपी३ स्वरूपाला मात्र विनाकारण दोष दिला जातो. ते मुख्यतः वरचे स्वर कापते.

दोन गाणी एकमेकांत मिसळताना वादक एकाचा बास मुद्दाम काढून घेतो. तेवढ्याच ठिकाणी ठेका हलका वाटला तर तो दोष नव्हे, शैली आहे.

मुद्रणानंतरची दुरुस्ती

उतार सौम्य असेल, जसे मायक्रोफोनच्या खाचेमुळे होते, तर इक्वलायझरने खालचे स्वर काहीसे वर आणता येतात. त्यासोबत वीजपुरवठ्याची ५० व १०० हर्ट्झची गुणगुणही वाढते, त्यामुळे ६ डेसिबलच्या पुढे सहसा जाऊ नये. सामाईक तार तुटून किंवा क्रॉसओव्हरनंतरच्या तारेतून झालेल्या मुद्रणाला हा उपाय चालत नाही, कारण तेथे वाढवायला संकेतच उरलेला नसतो. डीजे आज्ञावलीवरच वादन होत असेल, तर तिच्यातील अंतर्गत मुद्रणाची सोय सोबत चालू ठेवावी. मिक्स ही मोफत आज्ञावली ती देते, आणि तारा, पिना व खाचा या सर्व टप्प्यांना त्यात वावच नसतो. मिश्रण बाहेरच्या मिक्सरवर होत असेल तर मात्र ही सोय कामाची नाही. वादनाआधी एक मिनिटाचे मुद्रण घेऊन ते चांगल्या हेडफोनवर, एकदा स्टिरिओ व एकदा मोनो, असे ऐकून घ्यावे.