निळ्या किरणाच्या दोन तबकड्या

घरातील जुने कपाट आवरावयास घेतले की बहुधा दोन वस्तू हाती लागतात. एक, पुस्तकाएवढी काळी चित्रफीत, कोणाच्या तरी लग्नाची. आणि दुसरी, तिरपा उजेड पडताच जिच्यावर इंद्रधनुष्य उमटते अशी चंदेरी तबकडी. चित्रफीत लावण्याचे यंत्र घरात उरलेले नसते, आणि तबकडीचे असलेच तर ते मुके होऊन पडलेले असते. घरोघरी चित्रपट पाहण्याच्या साधनांचा इतिहास हा पुष्कळसा एकमेकांशी न जुळणाऱ्या यंत्रांच्या भांडणांचा इतिहास आहे. त्यांपैकी एका भांडणाची हकीकत आम्ही येथे सांगणार आहोत. ते जपानात उद्भवले, मुख्यतः अमेरिकेच्या बाजारात रंगले आणि २००८ च्या फेब्रुवारीत संपले. प्रतिस्पर्ध्यांची नावे होती ‘ब्लू-रे’ आणि ‘एचडी डीव्हीडी’.

प्रथम तबकडीचे गुपित पाहू. तिच्या पोटात अतिसूक्ष्म खळग्यांची एक लांबलचक रांग मधोमधपासून कडेपर्यंत चक्राकार गेलेली असते. लेसरचा किरण या रांगेवरून फिरतो, आणि परत येणाऱ्या प्रकाशाच्या कमीअधिकपणावरून यंत्र चित्र व ध्वनी ओळखते. खळगे जितके लहान, तितका मजकूर अधिक मावणार हे उघड आहे. परंतु शिसपेन्सिलीचे टोक बोथट असेल तर बारीक अक्षर निघत नाही, त्याचप्रमाणे किरणाचा ठिपका मोठा असेल तर बारीक खळगे वाचता येत नाहीत. हा ठिपका किती लहान होईल हे दोन गोष्टींवर ठरते: प्रकाशाच्या तरंगाची लांबी आणि किरण एकवटणाऱ्या भिंगाची शक्ती.

१९९६ साली जपानात विक्रीस आलेल्या डीव्हीडीत ६५० नॅनोमीटर तरंगलांबीचा तांबडा किरण होता. बारा सेंटिमीटर व्यासाच्या त्या तबकडीच्या एका थरात ४.७ गिगाबाइट मजकूर मावे. पुढे दूरदर्शन संचांचे पडदे मोठे झाले आणि १०८० ओळींचे, प्रत्येक ओळीत १९२० ठिपक्यांचे चित्र दाखवू लागले. हे ठिपके डीव्हीडीच्या चित्रातील ठिपक्यांच्या पाच ते सहा पट भरतात. एवढा पसारा जुन्या तबकडीत कोठून मावावा?

उत्तर निळ्या प्रकाशात होते, कारण त्याची तरंगलांबी आखूड. पण निळा प्रकाश देणारा अर्धवाहक स्फटिक शास्त्रज्ञांना कित्येक वर्षे हुलकावणी देत राहिला होता. इसामू अकासाकी, हिरोशी अमानो आणि शुजी नाकामुरा या जपानी संशोधकांनी गॅलियम नायट्राइड या संयुगाचा पिच्छा पुरवून ते साधले. निळ्या प्रकाशदीपाच्या या शोधाबद्दल त्यांना २०१४ चे नोबेल पारितोषिक मिळाले. त्याच वाटेने पुढे जाऊन ४०५ नॅनोमीटरचा निळसर जांभळा लेसर सिद्ध झाला.

हा किरण दोन्ही पक्षांनी पत्करला. मग भांडण कशाचे? भांडण होते अर्ध्या मिलीमीटरचे! डीव्हीडी ०.६ मिलीमीटर जाडीच्या दोन चकत्या एकमेकींस चिकटवून केलेली असते, आणि मजकूर त्यांच्या सांध्यात असतो. तोशिबा कंपनीने हीच रचना कायम ठेवली. डीव्हीडीचे कारखाने थोड्या फेरफाराने नव्या तबकड्या काढू शकतील, असा तिचा हिशेब होता. सोनी, फिलिप्स, मात्सुशिता आदी नऊ कंपन्यांनी मात्र २००२ साली निराळीच योजना जाहीर केली. त्यांनी अधिक शक्तीचे भिंग घेतले. अशा भिंगाला एक खोड असते: तबकडी किंचित कलली तरी त्याचा ठिपका विस्कटतो, आणि वरचे पारदर्शक आवरण जितके जाड तितका अधिक विस्कटतो. म्हणून त्यांनी मजकूर पृष्ठभागाच्या अगदी जवळ, ०.१ मिलीमीटरवर, आणून ठेवला.

विद्यार्थिमित्रांनी येथे थोडे गणित करून पाहावे. तरंगलांबीला भिंगाच्या शक्तीच्या अंकाने भागले की ठिपक्याच्या रुंदीचे प्रमाण मिळते. डीव्हीडीसाठी ६५० भागिले ०.६०, एचडी डीव्हीडीसाठी ४०५ भागिले ०.६५ आणि ब्लू-रेसाठी ४०५ भागिले ०.८५. या उत्तरांचे वर्ग करून तुलना केली असता एचडी डीव्हीडीत डीव्हीडीच्या सुमारे तिप्पट आणि ब्लू-रेत सुमारे पाचपट मजकूर मावावा असे दिसते. प्रत्यक्ष आकडेही तसेच आहेत: एका थरात एकीत १५ आणि दुसरीत २५ गिगाबाइट.

पण उथळ मजकुराला ओरखड्याचे भय फार. २००३ साली जपानात निघालेल्या पहिल्या ब्लू-रे तबकड्या त्यामुळे पेटीत बंद करून विकाव्या लागल्या. पुढे टीडीके कंपनीने कठीण लेप शोधला आणि पेटी सुटली. नवी यंत्रसामग्री उभारण्याचा खर्च मात्र सुटला नाही.

२००५ मध्ये समेटाच्या वाटाघाटी झाल्या व फिसकटल्या. ज्याची रचना मान्य होईल त्याला पुढे स्वामित्वशुल्क मिळणार होते. अशा वेळी ०.१ आणि ०.६ यांच्या मधला आकडा कोण मान्य करणार? २००६ च्या वसंतात अमेरिकेत तोशिबाचे यंत्र ४९९ डॉलरना आले. जूनमध्ये पहिले ब्लू-रे यंत्र आले, त्याची किंमत ९९९ डॉलर! स्वस्ताईची बाजू तोशिबाकडे होती. परंतु त्याच नोव्हेंबरात सोनीने आपल्या प्लेस्टेशन ३ या खेळाच्या यंत्रातच ब्लू-रे बसविले, आणि खेळासाठी घेतलेले यंत्र घरात चित्रपटही दाखवू लागले.

खरी कुचंबणा झाली ती ग्राहकाची. चित्रपटसंस्था दोन तटांत वाटल्या गेल्या होत्या, आणि तट बदलतही होत्या. पॅरामाउंटने २००७ च्या ऑगस्टमध्ये ब्लू-रे सोडले. एका यंत्रावर अर्धेच चित्रपट, आणि दोन यंत्रे घेणे सर्वांनाच कोठून परवडणार? पुष्कळांनी काहीच न घेता वाट पाहिली; आमच्या मते शहाणे तेच. ४ जानेवारी २००८ रोजी वॉर्नर ब्रदर्सने केवळ ब्लू-रेचा पक्ष घेतल्याचे जाहीर केले. मागोमाग वॉलमार्टसारख्या विक्रेत्यांनीही तोच मार्ग धरला, आणि १९ फेब्रुवारीस तोशिबाने माघार घेतली. अवघ्या ४६ दिवसांत निकाल लागला. ज्यांनी उत्साहाने ती यंत्रे घेतली होती, त्यांना नवे चित्रपट मिळणे बंद झाले.

सोनीला पराभवाची चव ठाऊक होती. १९७५ ची तिची बीटामॅक्स चित्रफीत व्हीएचएसपुढे टिकली नाही, आणि १९८८ मध्ये तिला स्वतःच व्हीएचएस यंत्रे काढावी लागली. तोशिबानेही २००९ मध्ये ब्लू-रे यंत्रे विकावयास काढली.

दोघे तबकडीसाठी झगडत असतानाच, २००७ मध्ये, नेटफ्लिक्सने तारेवाटे चित्रपट पाठविण्यास प्रारंभ केला होता. टपालाने तबकड्या पाठविण्याचा तिचा जुना व्यवसाय २०२३ मध्ये बंद पडला, आणि घरी मजकूर नोंदविण्याच्या कोऱ्या ब्लू-रे तबकड्या काढणे सोनीने २०२५ मध्ये थांबविले. चित्रपटांच्या छापील तबकड्या मात्र हौशी लोक अद्याप घेतात. २०१६ पासून त्यांत १०० गिगाबाइटपर्यंत मजकूर मावणारी नवी जात आली आहे. तिच्यातही किरण तोच, ४०५ नॅनोमीटरचा, आणि मजकूरही पृष्ठभागाखाली तेवढ्याच, सुमारे ०.१ मिलीमीटर, खोलीवर.