संगणकीय सूचीतील शोध आणि नावांचा प्रश्न

जीवशास्त्रात संशोधन करू इच्छिणारा विद्यार्थी प्रबंधाच्या आराखड्यात ‘या विषयावर पूर्वी काम झालेले नाही’ हे वाक्य फार लवकर लिहितो. शोधनिबंधांच्या संगणकीय सूचीत, म्हणजे ज्यास आपण डेटाबेस म्हणतो त्यात, दोन शब्द घालावेत, उत्तर शून्य यावे आणि तेवढ्यावर विषय अस्पर्शित ठरवावा, ही रीत धोक्याची आहे. एक जवळचे उदाहरण घेऊ.

पुणे-सोलापूर मार्गावर इंदापूर तालुक्यात लोणी देवकर हे गाव आहे. त्याच्या उत्तरेस भीमेवरील उजनी धरणाचा जलाशय पसरला आहे. तेथील मत्स्यजीवनाचा अभ्यास करावयाचा आहे, असे समजा. गावाचे नाव घालून फारसे काही हाती लागण्याचा संभव नाही. निबंधकार बहुधा जलाशयाचे नाव देतो. तेही एका रूपात नसते. कोणी उजनी लिहितो, कोणी उज्जनी, कोणी यशवंत सागर. रोमन लिपीत भीमेचा ‘भी’सुद्धा कधी एका आय अक्षराने, कधी दोन ई अक्षरांनी लिहिला जातो. धरण सोलापूर जिल्ह्यात, पाणी मात्र पुणे व अहिल्यानगर जिल्ह्यांतही. तेव्हा शीर्षकात कोणता जिल्हा येईल याचा नेम नाही. शिवाय धरण १९८० साली पुरे झाले. त्यापूर्वीच्या निबंधांत जलाशय नाही, केवळ नदी आहे.

माशांच्या नावांचेही तसेच. कर्नल साइक्स यांनी १८३९ साली दख्खनच्या माशांची वर्णने प्रसिद्ध केली आणि कित्येक जातींना स्थानिक नावेच दिली. त्यांचा बार्बस खुद्री आज टॉर खुद्री म्हणून ओळखला जातो. येथे प्रजातिनाम बदलले, जातिनाम टिकले. म्हणून केवळ ‘खुद्री’ घालून शोधल्यास जुने व नवे दोन्ही वाङ्मय सापडते. परंतु बाजारात चिलापी म्हणून विकल्या जाणाऱ्या तिलापियाच्या बाबतीत ही युक्ती अपुरी पडते. त्यातील मोझांबिकी जात १९५२ साली भारतात आणली गेली, तेव्हा ती तिलापिया मोसाम्बिका होती. पुढे ती ओरिओक्रोमिस मोसाम्बिकस झाली. प्रजातिनामाबरोबर जातिनामाचे शेपूटही बदलले. अशा वेळी ‘मोसाम्बिक’ एवढाच भाग रोमन लिपीत लिहून पुढे तारकाचिन्ह द्यावे, म्हणजे दोन्ही रूपे येतात.

पर्यायी नावे ‘ऑर’ने जोडावीत, भिन्न कल्पना ‘अँड’ने. पर्यायांचा गट कंसात घालणे अगत्याचे आहे. पबमेड ही सूची शब्द डावीकडून उजवीकडे वाचते. मासा अँड उजनी ऑर भीमा असे कंसाविना लिहिल्यास भीमा हा शब्द असलेली प्रत्येक नोंद, मग तिच्यात मासा असो वा नसो, पुढे येते. ‘नॉट’ शक्यतो टाळावा. तो नको असलेल्याबरोबर हवे असलेलेही फेकून देतो.

पबमेड ही अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यक ग्रंथालयाची, १९९६ साली सुरू झालेली सूची. तिच्यात साडेतीन कोटींहून अधिक नोंदी आहेत, आणि ‘मेश’ ही १९६० पासूनची विषयशीर्षके तिला जोडलेली आहेत. साधा शब्द घातल्यास ती आपण होऊन योग्य शीर्षकाशी त्याची सांगड घालते. तारकाचिन्ह दिले की मात्र ही सोय थांबते. म्हणून दोन्ही प्रकारे स्वतंत्र शोध करावा.

तरीही पबमेडचा ओढा वैद्यकाकडे आहे. एखाद्या जलाशयातील माशांची साधी यादी तिच्यात न मिळाल्यास नवल नाही. त्यासाठी १८६४ पासून चालत आलेली झूलॉजिकल रेकॉर्ड ही सूची पाहावी, बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे १८८६ पासूनचे नियतकालिक चाळावे आणि भारतीय विद्यापीठांतील प्रबंधांसाठी शोधगंगा धुंडाळावी. एक चांगला निबंध मिळाला की त्याने कोणास उद्धृत केले व पुढे त्यास कोणी उद्धृत केले, हे दोन्ही दिशांनी तपासावे. कित्येकदा सूचीतील शब्दांनी जे सापडत नाही, ते या वाटेने सापडते.

प्रत्येक शोधाची तारीख, सूचीचे नाव, वापरलेली ओळ जशीच्या तशी आणि मिळालेल्या नोंदींची संख्या वहीत उतरवावी. ‘पूर्वी काम झालेले नाही’ या वाक्यावर परीक्षकाने बोट ठेवले, तर दाखविण्यास तेवढाच पुरावा विद्यार्थ्याजवळ असतो.