कलप टिकतो कशानं, उतरतो कशानं

लग्नसराई जवळ आली की आदिलाबादच्या किराणा दुकानांत कलपाच्या पुड्यांना मागणी वाढते. पुडी घरी येते आणि तिच्यासोबत सल्लेही येतात. धुताना पाण्यात चिमूटभर मीठ टाक, तुरटी फिरव, अर्ध्या तासाऐवजी दोन तास ठेव, तेलाला हात लावू नकोस. सल्ले देणाऱ्यांच्या मायेबद्दल शंका नाही. पण त्यांतले बरेचसे केसांना लागू होत नाहीत आणि काही तर अपाय करतात.

मीठ-तुरटीचा सल्ला कापडावरून आला आहे. कापसाच्या या जिल्ह्यात तो रुजला यात नवल नाही. सुती कापडाचे काही रंग पाण्यात विरघळलेले असतात आणि मीठ टाकलं की ते धाग्याकडे जास्त ओढले जातात. तुरटी वनस्पतीजन्य रंगाला धाग्याशी बांधून ठेवते. कलपाचं काम वेगळ्या रीतीनं चालतं. त्यातले बारीक, बिनरंगी रेणू केसाच्या आत शिरतात. तिथे ऑक्सिजन मिळाला की ते एकमेकांना जोडले जाऊन मोठे आणि रंगीत होतात, आणि मोठे झाल्यामुळेच आत अडकून बसतात. आपण डोकं धुवायला बसतो तोवर हे सगळं उरकलेलं असतं, त्यामुळे मिठाला ‘पक्कं’ करण्यासारखं काही उरत नाही. मीठ आणि तुरटी केस कोरडे मात्र करतात.

दोन तास ठेवण्याचंही तसंच. पाकिटावर लिहिलेल्या तीस-चाळीस मिनिटांत रंग तयार होऊन जातो. त्यानंतर केस आणखी काळे होत नाहीत, फक्त टाळूची त्वचा रसायनाखाली जास्त वेळ राहते.

मग रंग जातो कुठे? मुख्यतः पाण्याबरोबर. हे पटायला जड जातं, कारण दोष शाम्पूला द्यायची आपल्याला सवय आहे. केस भिजला की फुगतो, त्याच्या बाहेरचे खवले सैल होतात आणि आत नीट न अडकलेले रंगाचे कण प्रत्येक वेळी थोडे थोडे बाहेर येतात. ‘सल्फेट नसलेला’ महागडा शाम्पू घेऊन रोज डोकं धुणाऱ्यापेक्षा साधा सौम्य शाम्पू घेऊन आठवड्यातून दोनदा धुणाऱ्याचा कलप जास्त टिकेल. रंग टिकवण्याचा सर्वांत स्वस्त उपाय हाच आहे.

पाणी गरम असलं की हे सगळं वेगानं होतं. तेलंगणातली सर्वांत कडक थंडी आदिलाबादेत पडते, आणि डिसेंबर-जानेवारीत पहाटे चुलीवरच्या हंड्यातलं कढत पाणी सोडून गार पाणी घ्या असं सांगणं मला तरी जमणार नाही. अंगाला गरम पाणी घ्यावं, डोक्यासाठी कोमट वेगळं काढावं, एवढं पुरेसं आहे.

खरा घोळ होतो तो पाण्याच्या कठीणपणाबद्दल. जिल्ह्याचा बराच भाग काळ्या बेसाल्टवर वसला आहे, पण पैनगंगेच्या पट्ट्यात चुनखडीचे थर आहेत. आदिलाबादेत सिमेंट कॉर्पोरेशन ऑफ इंडियाचा कारखाना, आता बंद असला तरी, उभा राहिला तो या दगडामुळे. नदीपलीकडे चंद्रपूर जिल्ह्यात गडचांदूरच्या आसपास सिमेंटचे कारखाने आहेत तेही याच दगडामुळे. अशा खडकातून येणाऱ्या बोअरच्या आणि हापशाच्या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार असतात. हंड्याच्या आत जमणारा पांढरा थर त्यांचाच. ‘आमच्या पाण्यानं कलप खाल्ला’ अशी तक्रार ऐकू येते, पण पुष्कळदा रंग गेलेला नसतोच. क्षार आणि साबण मिळून चिकट मळ होतो, तो केसांवर बसतो आणि काळा केस राखाडी, निस्तेज दिसतो. पाण्यात लोह असेल तर लालसर झाकही येते. मग बाई पुन्हा कलप लावते, जिथे खरं तर मळ काढायला हवा होता.

तो काढायला लिंबू किंवा व्हिनेगर उपयोगी पडतं, पण पातळ करून: तांब्याभर पाण्यात एक चमचा, शेवटच्या धुण्याला, आणि नंतर साध्या पाण्यानं खळाळून धुवायचं. नुसतं लिंबू चोळून उन्हात बसलं तर उलट होतं, रंग फिका पडतो. मिशन भगीरथचं नळाचं पाणी धरण-नदीचं असल्यानं बोअरपेक्षा बहुधा मऊ असतं. डोक्यासाठी ते राखून ठेवावं. ते नसेल तर बोअरचं पाणी उकळून, गाळ खाली बसू देऊन, वरचं निवळ घ्यावं. चुनखडीच्या पाण्याचा बराचसा कठीणपणा उकळल्यानं जातो. पावसाळ्यात पागोळीचं स्वच्छ पाणी मिळालं तर त्याहून चांगलं काही नाही.

अंगाचा किंवा कपड्यांचा साबण मात्र डोक्याला नको, तो अल्कधर्मी असतो आणि केस जास्त फुगवतो. शिकेकाई त्या मानानं कितीतरी चांगली. तिचं पाणी सौम्य आंबट असतं. फक्त ते गाळून घ्यावं, कारण भरड भुकटी घासली की केस खरवडतो.

तेलानं कलप उतरतो, हा समज निम्मा खरा. मुंबईच्या मॅरिको कंपनीतल्या संशोधकांनी 2003 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात खोबरेल तेल केसात शिरतं आणि धुण्याआधी लावल्यास केसातल्या प्रथिनाची झीज कमी करतं, असं दिसलं. (हे विकणारी कंपनीही तीच, हे लक्षात ठेवावं, पण खोबरेलाबद्दलचा हा निष्कर्ष रसायनशास्त्राला धरून आहे.) झीज कमी झालेला केस रंगही जास्त धरतो. थेंब गळेपर्यंत तेल चोपडलं आणि ते काढायला तीनदा शाम्पू लावला, तर मात्र फायदा त्या शाम्पूसोबत वाहून जातो. धुण्याआधी तासभर, टोकांना जरा जास्त आणि एकूण थोडं, एवढंच लावावं.

उन्हाचा परिणाम मात्र पुरता खरा आहे. कापूस वेचायला दिवसभर शेतात राहणाऱ्या बायांचे उघडे राहिलेले केस झाकलेल्या केसांपेक्षा लवकर तांबूस होतात, कारण अतिनील किरण रंगाचे रेणू मोडतात. पदर किंवा रुमाल डोक्यावर घट्ट असला तर कोणत्याही क्रीमपेक्षा जास्त काम करतो.

आता सगळ्यांत काळजीची गोष्ट. ‘काळी मेंदी म्हणजे नैसर्गिक.’ मेंदीच्या पानातून येणारा रंग लालसर-तपकिरीच असतो. निसर्गातून काळा हवा असेल तर मेंदीनंतर नीळ लावावी लागते आणि त्याला वेळ लागतो. अर्ध्या तासात कुळकुळीत काळं करणाऱ्या मेंदीच्या पुडीत बहुधा पीपीडी, म्हणजे पॅराफेनिलीनडायअमीन असतं. घटकांची यादी बारीक अक्षरात असते, ती वाचा. या रसायनाची ॲलर्जी वर्षानुवर्षं वापरल्यावरही अचानक उद्भवू शकते आणि पुढच्या प्रत्येक वेळी वाढत जाते. म्हणून दर वेळी कानामागे ठिपका लावून 48 तास थांबायचं. खाज किंवा सूज आली तर तो कलप कायमचा बंद. भुवया आणि पापण्यांना तर कधीच नाही, त्यानं दृष्टी जाऊ शकते अशी सूचना छापण्याची सक्ती भारतीय कायद्यातच आहे. ‘अमोनिया नाही’ या शब्दांनी पीपीडी नसल्याची हमी मिळत नाही.

आणि ज्याला आपण ‘कलप उतरला’ म्हणतो ते बहुतेक वेळा उतरणं नसतंच. केस महिन्याला साधारण एक-सव्वा सेंटीमीटर वाढतो, तेवढी पांढरी रेघ भांगात दिसू लागते. खालचा केस अजून काळाच असतो. तरीही दर महिन्याला मुळापासून टोकापर्यंत सगळ्याला पुन्हा कलप लावला, की टोकं राठ होतात, तुटतात, आणि राठ केस रंग धरत नाही, म्हणून पुन्हा कलप. हे चक्र थांबवायचं असेल तर फक्त नवी वाढ रंगवावी. आणखी एक आठवडा काढायचा असेल तर भांग दुसऱ्या बाजूला पाडला तरी पुष्कळ झाकलं जातं. मुळांपुरत्या कामाला अर्धी पुडी पुरते. उरलेली कोरडी भुकटी डब्यात बंद ठेवता येते, पण कालवलेला कलप उरला तर तो फेकायचा, झाकणाच्या बाटलीत भरायचा नाही, आतून वायू सुटून बाटली फुटू शकते. तो डबा मुलांच्या हाती लागणार नाही अशा ठिकाणी ठेवावा. कलप पोटात गेला तर घसा सुजून श्वास अडतो आणि मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात, म्हणून घरगुती उपायांत वेळ न घालवता तडक आदिलाबादचं रिम्स किंवा जवळचं सरकारी रुग्णालय गाठायचं, पुडी सोबत घेऊन.